सभेत बोलणारा वैद्य : गुळवेलीच्या निमित्ताने

संघटनेच्या शाखेचा अध्यक्ष निवडताना आपण नेमके काय पाहतो, याचा एकदा मोकळेपणाने विचार करावयास हवा. चिकित्सेतील अधिकार पाहतो, वय पाहतो, वेळ देण्याची तयारी पाहतो. परंतु या सर्वांहून अधिक हे पाहतो की, गृहस्थ बोलावयास उभा राहिला तर त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही. २०१९ साली आमच्या तालुका शाखेने आम्हांस अध्यक्षपदी बसविले ते याच एका गुणावर, हे आम्हांस तेव्हाही ठाऊक होते. महाविद्यालयात असताना वक्तृत्वस्पर्धेत दोन-चार ढाली मिळवलेल्या, आणि ध्वनिक्षेपक बंद पडला तरी आमचे काही अडत नाही अशी ख्याती. नेतृत्व करणाऱ्याने आत्मविश्वासाने कसे बोलावे यावर लिहा, असे संपादकांनी सुचविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हीच ख्याती असावी. त्यांनी क्षमा करावी. त्या आवाजाने आमच्या हातून काय घडले, तेच येथे लिहीत आहोत.

जुलै २०२१ मध्ये वृत्तपत्रांत गुळवेलीविषयी बातम्या झळकल्या, हे आपणांस स्मरत असेल. मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल सेवन करणाऱ्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर तत्काळ आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती होती व तिच्यात काय होते याचे विश्लेषण या अभ्यासात झालेले नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. वाद दोन्ही बाजूंनी तापला. आपल्यापैकी अनेकांच्या मनात आधीचा एक व्रण ओलाच होता. तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित केली होती आणि ११ डिसेंबर २०२० रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने तिच्याविरुद्ध देशभर काम बंद ठेवले होते. त्या दिवसांत आमच्याविषयी जे बोलले गेले ते आम्ही विसरलो नव्हतो. बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेतल्या दिवसापासून ‘तिकडे नंबर लागला नाही का?’ हा प्रश्न ऐकत आलेल्या माणसाच्या आवाजात एक धार कायमची बसते. ती धार म्हणजेच आत्मविश्वास, असे आम्ही वीस वर्षे समजत होतो.

ऑगस्टअखेर करोनाचे निर्बंध सैल झाले तेव्हा शाखेने सभा बोलावली. सभासद, औषधी दुकानदार, गावातील काही प्रतिष्ठित आणि दोन वार्ताहर मिळून पन्नास-साठ मंडळी असतील. आम्ही चाळीस मिनिटे बोललो. मूळ शोधनिबंध आम्ही वाचलेला नव्हता. त्यावरील बातम्या आणि त्या बातम्यांवरील संतप्त संदेश तेवढे वाचले होते. गुळवेलीला अमृता का म्हणतात, छिन्नरुहा का म्हणतात, येथून आरंभ करून आम्ही परकीय औषध कंपन्यांपर्यंत पोहोचलो आणि शेवटी मेजावर हात आपटून म्हणालो की, गुळवेलीने यकृताला इजा होऊच शकत नाही. टाळ्या बराच वेळ चालल्या. कुणीतरी काढलेली चित्रफीत त्याच रात्री व्हॉट्सॲपवरून तालुकाभर गेली. दुसऱ्या दिवशी स्थानिक पत्रात ते वाक्य चौकटीत छापून आले, आणि ते कात्रण आम्ही चिकित्सालयात काचेखाली लावले.

नोव्हेंबरात आमच्याकडे एक भगिनी आल्या. वय अठ्ठेचाळीस, अनेक वर्षांच्या रुग्ण. अंगाला खाज, अन्नावर वासना नाही, मूत्र पिवळे, डोळ्यांत पीतता. थायरॉइडची गोळी त्या पूर्वीपासून घेत होत्या. आम्ही रीतीप्रमाणे विचारले, “दुसरे काही औषध चालू आहे का?” त्या नाही म्हणाल्या. रक्ततपासणीत बिलिरुबिन ९ च्या वर आणि यकृताची विकरे पुष्कळ वाढलेली आढळताच आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांकडे पाठविले. एवढे शहाणपण त्या वेळी सुचले हे नशीब. तेथे त्यांना हाच प्रश्न चार वेगवेगळ्या प्रकारे विचारला गेला तेव्हा उलगडा झाला की, पाच महिने रोज सकाळी त्या मूठभर गुळवेलीचा काढा घेत होत्या. कावीळ विषाणूजन्य नाही असे तपासण्यांत निघाले. काढा बंद झाला, उपचार झाले, आणि अडीच महिन्यांनी त्या पूर्ववत झाल्या. इजा गुळवेलीनेच झाली, असे त्यांच्याबाबतीत सिद्ध झालेले नाही आणि तसे येथे म्हणावयाचेही नाही. आम्हांस बोचले ते वेगळेच. बऱ्या झाल्यावर त्या भेटीस आल्या तेव्हा आम्ही किंचित रागानेच म्हणालो, “काढा घेत होता हे आम्हांला का सांगितले नाहीत?” त्या अगदी सरळपणे म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हीच त्या व्हिडिओत सांगितलं होतं ना, गुळवेलीनं काही होत नाही म्हणून? मग ते औषधात कशाला धरायचं?”

म्हणजे आमच्या वाक्याने रुग्णाच्या तोंडून निघू शकणारी माहितीच पुसून टाकली होती. आणि पाच महिन्यांचे काय? आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२० च्या चिकित्सा मार्गदर्शिकेत प्रतिबंधासाठी गुडूची घनवटीचा जो उल्लेख होता, त्याला पंधरा दिवस अथवा एक महिना अशी मुदत होती. मात्रा, काल, अनुपान, प्रकृती यांशिवाय द्रव्याचा विचार करू नये, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. चाळीस मिनिटांच्या भाषणात त्या मुदतीला आम्ही अर्धे मिनिटही दिले नव्हते.

त्या भगिनींचे यजमान वेलीचा तुकडा पिशवीत घालून घेऊन आले होते. शेजारच्या कुंपणावरची वेल. हृदयाकृती गुळगुळीत पान, पातळ पापुद्र्यासारखी सुटणारी साल, आडव्या छेदात चक्राकार आरे. आमच्या ओळखीप्रमाणे ती गुळवेलच होती. भेसळीकडे बोट दाखवून सुटावे, ही सोयही राहिली नाही.

भेसळीचा प्रश्न मात्र दुसऱ्याच दाराने आला. आमच्या गावी काष्ठौषधींचे एक जुने दुकान आहे. दुकानाचे मालक आमच्या वडिलांच्या वयाचे. त्यांना सारे गाव अण्णा म्हणते. घडलेली हकिकत आम्ही त्यांच्या कानी घातली तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, त्या वर्षी गुळवेलीला एवढी मागणी, की माल कुठून कुठून यायचा. मे महिन्यात दोन पोती अशी आली, साल करडी आणि अंगभर बारीक गाठी. मला ती आपली वाटेना. मी परत पाठवली. पण मी परत पाठवली म्हणजे ती दुसरीकडं खपली असणार.” हे सभेत का सांगितले नाहीत, असे आम्ही विचारले. “हात वर करणारच होतो. पण तुमचा आवाज असा काही लागला होता, की वाटलं, आता बोललो तर मीच फितूर ठरायचो.”

ती पोती कोणत्या वेलीची होती हे आता कळणे शक्य नाही. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद प्रसिद्ध केले. त्यांत खोडावरील गाठी हे एक लक्षण आहे. अण्णांनी ते नऊ महिने आधी हाताने चाचपले होते. त्या सभागृहात वनस्पती ओळखणारा सर्वांत जाणता माणूस तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि अध्यक्षांच्या आवाजापुढे त्याने हात खाली ठेवला.

त्यानंतर आम्ही चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय, रोगभिषग्जितीय, पुन्हा काढला. परीक्षेपुरता तो आपण सर्वांनीच केलेला असतो: संभाषा दोन प्रकारची, संधाय आणि विगृह्य, परिषदेचे भेद, वादमार्गाची चव्वेचाळीस पदे. गुण मिळतात आणि पुस्तक मिटते. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर तो वाचताना मात्र आचार्य आमच्या त्या सभेविषयीच बोलत आहेत असे वाटू लागले.

पहिली गोष्ट परिषदेच्या परीक्षेची. परिषद जाणती की अजाण, आणि ती मित्रभावाची, उदासीन की प्रतिकूल, हे पाहून मग बोलावे अशी ती शिस्त आहे. आमच्यासमोरची परिषद मित्रांची होती. तेथे संधाय संभाषा, म्हणजे मिळून शोध घेण्याचे बोलणे, शोभले असते. आम्ही मात्र विगृह्य संभाषा आरंभिली, आणि तीही अशा प्रतिपक्षाशी जो सभागृहात नव्हताच. अनुपस्थित प्रतिपक्षाला जिंकण्यासारखे सोपे काही नाही. ते वार त्याला लागत नाहीत. समोर बसलेल्या आपल्याच माणसांना लागतात.

दुसरी गोष्ट वक्त्याच्या गुणदोषांची. स्वतःचे व प्रतिपक्षाचे जे गुण तोलून पाहावयाचे, त्यांत अध्ययन, त्याचे नेमके ज्ञान, स्मरणात धरण्याची शक्ती, समयसूचकता आणि सर्वांत शेवटी बोलण्याची शक्ती अशी गणना आहे. आम्ही शेवटच्यापासून आरंभ केला होता आणि तेथेच थांबलो होतो. दोषांच्या गणनेत पहिला आहे रागीटपणा. भित्रेपणा त्याच्या नंतर येतो. आम्ही उलट समजत होतो. नेत्याने भिऊ नये एवढे आम्हांस कळले होते, रागावू नये हे कळले नव्हते. आमचा राग हा भीतीचाच अवतार होता हे तर फारच उशिरा ध्यानात आले. ‘मूळ निबंध वाचला आहे का?’ असे एखाद्या ॲलोपॅथीच्या डॉक्टराने उभे राहून विचारले असते तर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आवाज चढविला की असा प्रश्न कुणी विचारीत नाही, हे कुठेतरी आम्हांस ठाऊक असलेच पाहिजे.

मार्च २०२२ मध्ये आम्ही दुसरी सभा बोलावली. तोवर सहा रुग्णांचा तो निबंध मिळवून दोनदा वाचला होता. त्यातील यकृतविकार स्वप्रतिकारजन्य विकाराच्या वळणाचा होता, हे वाचताच त्या भगिनींची थायरॉइडची गोळी आठवली. (त्याच वर्षी तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही वाचावा. त्यावरील आक्षेपही वाचावेत.) सभेआधी आठ दिवस आम्ही एकच काम केले: काय सांगावयाचे ते मोजक्या वाक्यांत लिहून काढले. हे वाटते तितके सोपे नाही. आमचा पहिला मसुदा तीन पानांचा झाला. वादमार्गात वाक्यदोष सांगितले आहेत, त्यांतील ‘अधिक’ या दोषाने ती पाने भरलेली होती. खोडत खोडत उरले ते असे:

“गुळवेल आम्ही वापरतो आणि वापरणार आहोत. योग्य रुग्णात, योग्य मात्रेत, ठरावीक काळ. महिनोन्महिने रोज घरी काढा करून घेण्याचा सल्ला आम्ही देत नाही. काही रुग्णांत यकृतविकार आढळल्याची नोंद झालेली आहे. ज्यांना आधीपासून यकृताचा अथवा स्वप्रतिकारजन्य आजार आहे, त्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जे कुणी घेत आहेत त्यांनी ते आम्हांला सांगावे. आम्ही रागावणार नाही.”

सभेत आम्ही हे मोजक्या वाक्यांचे निवेदन बसूनच वाचले. उभे राहिलो की आमचा आवाज आपोआप वरच्या पट्टीत जातो, हे एव्हाना आम्ही ओळखले होते. मग काढ्याची हकिकत रुग्णाची ओळख न देता सांगितली, आमचे ऑगस्टमधील वाक्य चुकीचे होते असे म्हटले आणि अण्णांना पुढे बोलाविले. त्यांनी मेजावर चार तऱ्हेच्या वाळलेल्या काड्या मांडल्या आणि ‘यातली तुमची कोणती?’ एवढेच विचारले. त्यानंतरचा तासभर आम्ही जवळजवळ बोललो नाही. पदविकाधारक, पदवीधर, पदव्युत्तर, सगळे मेजाभोवती गोळा झाले. चौघांपैकी तिघांचा पहिला अंदाज चुकला आणि अण्णा मनापासून हसले. द्रव्याचे नाम, रूप आणि योग तिन्ही जाणणारा तो वैद्य, हे आपण पाठ करतो. पण आमच्या पिढीला रूपाचा सराव उरला नाही, कारण औषध आता आपल्याकडे डबीतून येते.

प्रश्नोत्तरांत एक युक्ती कामी आली, ती सांगून ठेवतो. प्रश्न आला की मनात पाच अंक मोजावयाचे आणि मग उत्तर द्यावयाचे. पहिल्या दोन-तीन वेळा हे मौन असह्य होते. लोकांना वाटेल की अध्यक्षांना उत्तर येत नाही, अशी धास्ती वाटते. प्रत्यक्षात त्या पाच अंकांत प्रश्नकर्ता पुष्कळदा आपला खरा प्रश्न विचारतो. वार्ताहराने विचारले, “म्हणजे गुळवेल विषारी आहे का?” ऑगस्टमध्ये आम्ही उसळलो असतो. या वेळी थांबलो. तो स्वतःच पुढे म्हणाला, “घरी आई रोज घेते, म्हणून विचारतो.” मग उत्तर आईसाठी दिले. बातमीचा मथळा तरीही भडकच आला, हे नमूद करावयास हवे. मथळे आपल्या हाती नसतात. खालचा मजकूर मात्र शब्दशः बरोबर होता, कारण मोजक्या वाक्यांत चुकविण्यासारखे फारसे काही नव्हते.

सभा संपल्यावर एका ज्येष्ठ वैद्यांनी आम्हांस बाजूस घेतले. ते आमच्या गुरुस्थानी आहेत. “विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिलेत,” ते म्हणाले. “एवढी वर्षे आम्ही जे सांभाळले ते तुम्ही एका संध्याकाळी उघड्यावर मांडलेत.” त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. त्यांच्या पिढीने अवहेलना अधिक सोसली, आणि कबुलीचा प्रत्येक शब्द संदर्भ तोडून वापरला जातो हा त्यांचा अनुभव खोटा नाही. आम्ही एवढेच म्हणालो की, गुरुजी, कोलीत त्या भगिनींच्या घरात होते आणि ते आम्हीच ठेवले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. पुढे काही महिने ते शाखेच्या बैठकीस आले नाहीत, आणि त्याची खंत आम्हांस आजही आहे.

औषधी दुकानदार स्नेह्यांसाठी थोडे वेगळे लिहिणे प्राप्त आहे, कारण दुकानाचा गल्ला हीसुद्धा एक परिषदच होय आणि तिचा नेता मालक असतो. आमची चित्रफीत फिरली त्या दिवसांत एका दुकानातील विक्री करणारा मुलगा प्रत्येक ग्राहकाला आमचेच वाक्य आमच्याच थाटात ऐकवीत होता, हे मागाहून कळले. मालक जसे बोलतो तसे गल्ल्यावरचा मुलगा बोलतो. भाषणे ऐकून तो शिकत नाही, मालक फोनवर मालाविषयी काय बोलतो ते ऐकून शिकतो. ‘हे किती दिवस घ्यायचे, वैद्यांनी सांगितले आहे का?’ हा एक प्रश्न त्याच्या तोंडी बसविता आला तर पुष्कळ झाले. मालाची शंका आली तर पोते परत करण्यापूर्वी वैद्यांना तुकडा दाखवावा. अण्णांनी आता तो परिपाठ ठेवला आहे. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा नुसता संशय असला तरी तो कळविण्याची सोय आयुर्वेदादी औषधांच्या राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रमात आहे. नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे समन्वयाचे काम पाहते. त्या भगिनींची नोंद आम्ही पाठविली. अर्ज भरताना हात जड झाला होता, हे लपवीत नाही. ‘संशयित औषध’ या रकान्यात गुडूची हा शब्द लिहिणे म्हणजे आपल्याच आईविरुद्ध साक्ष देण्यासारखे वाटले. नंतरचे रकाने मात्र, मात्रा, कालावधी, सोबतची औषधे, हे नेहमीच्या रुग्णपत्रकासारखेच होते.

पुढील निवडणुकीत आम्ही अध्यक्ष झालो नाही. सध्याच्या अध्यक्षांचा आवाज आमच्याहून मोठा आहे आणि माणूस मनाने फार चांगला आहे. परवाच त्यांनी एका बातमीवर काय बोलावे म्हणून दूरध्वनी केला, तेव्हा मूळ निबंध आधी वाचून मग बोलू, असे दोघांचे ठरले. काचेखालचे ते कात्रण आम्ही काढलेले नाही. त्याच्या शेजारी आता एक पाटी आहे: घरी घेत असलेले सर्व काढे, चूर्णे, रस, गोळ्या येताना सोबत आणा.

त्या भगिनी गेल्या महिन्यात गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. बसण्यापूर्वीच त्यांनी कापडी पिशवी मेजावर रिकामी केली. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, एक तेल, मुलीने दिलेली वजन कमी करण्याची पावडर, आणि नणंदेने कुठल्याशा यात्रेतून आणलेली, नाव नसलेली काळपट गोळ्यांची पुडी. “ही शेवटची सांगू का नको, असं झालं होतं,” त्या म्हणाल्या. आम्ही मनात पाच अंक मोजले. मग त्यांनीच सांगावयास सुरुवात केली, आणि आम्ही वही पुढे ओढली.